होळीच्या रात्रीसाठी सशाचे पानगे

फाल्गुन लागला की ऊसतोडीला गेलेली माणसे परतू लागतात. बारडोली-सुरतकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून, सौराष्ट्रातून, पश्चिम महाराष्ट्रातून निघालेल्या गाड्या नंदुरबारच्या डोंगरातल्या मोलगीच्या बाजारात रिकाम्या होतात. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरे. भोंगऱ्या बाजारात, म्हणजे होळीआधीच्या आठवडी बाजारात, होळीचा गूळ, डाळे, खजूर घेतले जाते आणि मंडळी आपापल्या पाड्याची वाट धरतात. सहा महिने उसाच्या फडात पाचटाच्या खोपीत चूल मांडलेल्या बाईला आपल्या घरात, आपल्या चुलीवर, सगळ्यांना बसवून जेवू घालायला मिळते ते या दिवसांत. म्हणूनच होळीच्या जेवणावर नेहमीपेक्षा जास्त मेहनत घ्यावी असे मला मनापासून वाटते. मात्र ती मेहनत एकट्या बाईच्या अंगावर पडू नये.

या जेवणात एक अडचण आहे, आणि ती होळीच्या रीतीतूनच येते. काठी गावची राजवाडी होळी रात्रभर जागवली जाते आणि पहाटे पेटते. बावा, बुध्या, मोरखी अशा रूपांत नाचणारे, ढोल वाजवणारे, बघायला जाणारे असे सगळे संध्याकाळीच घर सोडतात. रस्सा-भाताचा बेत केला तर कोणी घाईघाईने चार घास खाऊन निघतो, कोणी उपाशीच निघतो, आणि घरची बाई रात्री उशिरापर्यंत चुलीपाशी अडकते. दुपारीच करून ठेवता येईल, फडक्यात बांधून नेता येईल, वाटेत कुठेही बसून हातात धरून खाता येईल, असे मांसाचे काही असेल तर ही अडचण सुटते.

पिठाच्या पारीत शिजवलेले मांस भरून भाजायचे ही युक्ती जगात पुष्कळ ठिकाणी आहे. गोव्यात नाताळाला पोर्तुगीज वळणाच्या एंपादिन्या होतात, लहान वाटीएवढ्या, आत डुकराचे किंवा कोंबडीचे मांस. इंग्लंडमध्ये सशाचा ‘पाय’, म्हणजे पिठाच्या पारीत भरून भट्टीत भाजलेले मांस, हा खेड्यातला जुना पदार्थ. बिअट्रिक्स पॉटर यांची पीटर नावाच्या सशाची गोष्ट १९०२ साली पुस्तकरूपात आली. तिच्यात पीटरच्या बापाचा असाच पाय झालेला असतो. माल्टा बेटावर तर सशाचा रस्सा हाच सणाचा पदार्थ. पण या सगळ्या पायांना भट्टी लागते, मैदा लागतो, लोणी लागते. मोलगीच्या पाड्यावर यातले काही शोधत बसू नये. आपल्याकडे निखारे आहेत, पाने आहेत आणि मक्या-ज्वारीचे पीठ आहे. नर्मदेपलीकडे अलिराजपूर-झाबुआकडची भिल्ल-भिलाला माणसे मक्याच्या पिठाचे पानिये पानांत घालून गोवऱ्यांवर भाजतात आणि डाळीबरोबर खातात. विदर्भात वांग्याच्या भाजीबरोबर पानगे होतात, कोकणात केळीच्या पानातला पानगा होतो. मी सुचवतो आहे तो पदार्थ पाय आणि पानगा या दोन्हींची जोड आहे: आत सशाचे मांस, बाहेर मक्याची पारी, वर पान. हा मोलगीचा परंपरेने चालत आलेला पदार्थ आहे असा माझा दावा नाही. इथल्या चुलीला आणि इथल्या रात्रीला तो शोभतो, एवढेच.

ससा कोणता

आधी हे स्पष्ट बोलले पाहिजे. रानातला ससा चालणार नाही. घरातल्या म्हाताऱ्यांनी पारधीच्या गोष्टी सांगितलेल्या असतात, वाघरू लावून ससा धरल्याच्या आठवणी असतात, आणि त्या खऱ्या आहेत. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा संरक्षित आहे. तो मारणे, त्याचे मांस विकणे, विकत घेणे किंवा घरात ठेवणे, सगळाच गुन्हा आहे. सणाच्या दिवशी घरातला कर्ता माणूस वनखात्याच्या केसमध्ये अडकला तर सगळ्या वर्षाच्या कमाईवर पाणी पडते. आणि डोंगर उघडा पडत चालला असताना आहे ते रान राखणे आपल्याच हिताचे आहे.

पाळीव ससा हा वेगळाच प्राणी आहे. आपला रानससा बिळात राहत नाही. त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बीळ करून राहणारा. त्याची पिल्ले उघडी-नागडी आणि डोळे मिटलेली असतात. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जाती म्हणजे न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने सशांवर बरेच काम केले आहे. तिचे दक्षिणेतले केंद्र कोडाईकनालजवळ मन्नवनूरला आहे. कोणाला ससेपालनच करायचे असेल तर नंदुरबारजवळ कोळद्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन आधी माहिती घ्यावी. मोठा नफा आणि परत खरेदीची हमी देऊन सशांचे युनिट विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. पाच-सहा माद्यांपासून घरच्यापुरते सुरू करणे वेगळे आणि कर्ज काढून शंभर पिंजरे मांडणे वेगळे.

ससा विकत घेताना पाळणाऱ्याच्या घरी जाऊन पिंजऱ्यातला जिवंत प्राणी बघून घ्या. पांढरा असेल तर शंकाच नको. राखाडी किंवा तपकिरी असेल तर मानेमागे बघा: आपल्या भागातल्या रानसशाच्या मानेवर काळा पट्टा असतो आणि त्याचे मागचे पाय लांब, काटक असतात. सोललेले मांस कोणी आणून देत असेल तर रंग बघा. पाळीव सशाचे मांस फिकट गुलाबी, कोंबडीच्या जवळचे दिसते. गडद लाल, काळपट मांस दिसले तर घेऊ नका आणि कोणाच्या शब्दावर विसंबू नका.

तीन ते चार महिन्यांचा, जिवंत वजन दोन किलोच्या आसपास असलेला ससा उत्तम. कापून, सोलून, आतडी काढून त्याचे साधारण निम्मे वजन हाती राहते, म्हणजे हाडांसकट एक किलो. जून ससाही चालतो, फक्त शिजायला दुप्पट वेळ लागतो. वर्षभर पिल्ले देऊन थकलेली मादी घेतली असेल तर तो वेळ धरूनच चला.

फाल्गुनातली दुपार तापलेली असते आणि सशाला उष्णता सोसत नाही. गच्च भरलेल्या जीपमध्ये पोत्यात घालून आणलेला ससा घरी येईपर्यंत मरू शकतो, आणि वाटेत मेलेला प्राणी खायचा नसतो. पहाटे आणा. हवा खेळेल अशी टोपली घ्या, वर ओले फडके टाका. त्याहून चांगले म्हणजे पाळणाऱ्याकडेच कापून, सोलून घ्या आणि झाकणाच्या भांड्यात घालून लगेच घरी आणा. काळीज नीट बघा. त्याच्यावर पांढरे ठिपके किंवा गाठी असतील तर ते फेकून द्या. सशाच्या यकृताला होणाऱ्या रोगाची ती खूण आहे. अंगावर, फुप्फुसांत गाठी किंवा पू दिसला तर ससाच नको.

आणखी एक. लेकरांनी ज्याला नाव ठेवले आहे, ज्याच्या कानाला हात लावून ती झोपतात, असा घरातला ससा या कामाला घेऊ नका. सणाचे जेवण रडत जेवायचे नसते.

ससा मिळालाच नाही, तर गावठी कोंबडा घ्या. मोलगीत तो मिळायला अडचण नाही आणि पानग्यात छान लागतो. शेजारच्या झाबुव्याच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो हाती आला तर काळ्या मांसाचे सारण दिसायला वेगळे, चवीला जोरकस. ब्रॉयलर मात्र नको. त्याचे मांस शिजून गाळ होते आणि पारीत त्याचा काही पोत उरत नाही.

मांस शिजवणे

खाली दिलेले माप बारा माणसांचे आहे. कापून साफ केलेले एक-एक किलोचे दोन ससे, त्यातून चोवीस पानगे. दोन पानगे, वाटीभर रस्सा आणि कांदा घेतला की मोठ्या माणसाचे पोट भरते.

सशावर कोयता चालवू नका. त्याची हाडे बारीक असतात, घाव बसला की टोकदार कपचे उडतात आणि ते सारणात राहिले तर लेकराच्या घशात जातात. सुरीने सांध्यात कापा: पुढचे दोन पाय, मागचे दोन पाय, कमरेचा भाग, बरगड्या. कमरेवर एक चिवट चंदेरी पापुद्रा असतो, तो सुरीचे टोक घालून ओढून काढा. शिजताना तो आकसतो आणि मांसाला पिळून काढतो. मग एक लीटर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ या मापाने खारे पाणी करून त्यात मांस दोन तास सावलीत, थंड जागी बुडवून ठेवा. हे टाळू नका. सशाच्या मांसात चरबी फारच थोडी असते, त्यामुळे ते पटकन कोरडे पडते. मिठाच्या पाण्याने त्यात ओल धरून राहते.

चरबी थोडी आहे याचा दुसरा अर्थ असा की ती बाहेरून द्यावी लागते. मटणवाल्याकडून बोकडाची पाव किलो चरबी आणा, बारीक चिरून मंद आचेवर वितळवा. नाही मिळाली तर शेंगदाण्याचे तेल वापरा, पण हात सैल ठेवा. या चरबीत मांसाचे तुकडे सगळ्या बाजूंनी तांबूस होईपर्यंत परता. एकदम सगळे कढईत टाकले तर पाणी सुटते आणि मांस परतण्याऐवजी उकडते. दोन-तीन खेपा करा. काळीज, गुर्दे चांगले असतील तर वेगळे काढून ठेवा.

त्याच चरबीत अर्धा किलो कांदा उभा चिरून चांगला लाल करा. पंचवीस-तीस पाकळ्या लसूण, बोटभर आले, मूठभर कोथिंबीर वाटून घाला. नंदुरबारची लाल मिरची तिखट असते. आठ-दहा सुक्या मिरच्या भाजून, भिजवून वाटल्या तर पुरतात, लेकरांसाठी त्याहून कमी. हळद, धणे, थोडे जिरे, दोन-तीन लवंगा. खानदेशी काळा मसाला घरात असेल तर एक मोठा चमचा घाला, पण त्याच्यापुढे जाऊ नका. सशाचे मांस सौम्य असते. खोबरे, तीळ, खसखस यांच्या भाराखाली त्याची चव राहत नाही आणि मग ससा घेतला काय, दुसरे काही घेतले काय, सारखेच.

आता मांस परत घाला, मांस जेमतेम बुडेल एवढे गरम पाणी ओता, झाकण ठेवा आणि चुलीतली लाकडे मागे ओढा. पाणी खळखळायला नको, अधूनमधून एखादा बुडबुडा वर यावा. कोवळा ससा पाऊण ते एक तासात शिजतो, जून असेल तर दोन तास लागतात, गावठी कोंबडाही तेवढाच वेळ घेतो. कुकरच्या शिट्ट्या घेण्याचा मोह आवरा. जोराच्या वाफेत सशाचे मांस एकाच वेळी शिजतेही आणि दोऱ्यासारखे कोरडेही होते. मागच्या पायाचे मांस बोटाने दाबल्यावर हाडापासून सुटले, की उतरवा.

तुकडे ताटात काढून हाताला सोसतील एवढे निवू द्या आणि मांस हाडावरून सोडवा. हे काम बसून, चार हातांनी करायचे. परतून आलेली भावंडे, जावा, पोरे सगळ्यांना ताटाभोवती बसवा. गप्पाही होतात आणि हाडेही बारकाईने शोधली जातात. मांसाचे तुकडे बोराएवढे ठेवा, खिमा करू नका. शेवटी एकाने सगळ्या मांसातून पुन्हा बोटे फिरवून हाडाची कपच राहिली नाही ना हे बघायचे. दोन सशांमधून साधारण नऊशे ग्रॅम शिजलेले मांस निघते. हाडे फेकू नका. ती परत पातेल्यात, त्याच रश्शात, आणखी दोन लीटर पाणी घालून मंद आचेवर ठेवा. हाच नंतरचा पिण्याचा रस्सा. पण त्याआधी मसाल्याचा, कांद्याचा दाट भाग दोन-तीन पळ्या बाजूला काढून घ्या, सारणासाठी.

सारणाला आंबटपणा लागतो आणि तो इथे आमचुराचा. मोलगी-धडगावच्या डोंगरातल्या बायका उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, काप करून खडकावर वाळवतात. व्यापारी ते घेऊन जातात आणि देशभरच्या मसाल्यांत ते जाते. घरच्यापुरते ठेवलेले आमचूर होळीपर्यंत दहा महिन्यांचे झालेले असते. म्हणून आधी काप उन्हात टाका, कीड किंवा बुरशी लागलेले वेगळे काढा. चांगले निघालेले मूठभर काप गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटा. ते शिजवताना नाही, शेवटी घालायचे.

कढईत बाजूला काढलेला मसाला, सोडवलेले मांस, बारीक चिरून परतलेले काळीज आणि गुर्दे, आमचुराचे वाटण एकत्र करा. ओल दिसेनाशी होईपर्यंत आटवा. तरीही ओलसर वाटले तर भोंगऱ्या बाजारातून आणलेले डाळे कुटून त्याचे दोन-तीन चमचे पीठ घाला. ते ओल धरून ठेवते आणि चव बिघडवत नाही. सारण कढईच्या कडेला ओढले की तिथेच थांबले पाहिजे, खाली वाहून येता कामा नये. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. या एका पायरीवर सगळा पदार्थ उभा आहे. गरम सारणाची वाफ पारी आतून भिजवते, पारी फाटते आणि सगळे निखाऱ्यात सांडते. ताटावर जाळी ठेवा, पंख्याने वारा घाला आणि अर्ध्या-पाऊण तासात गार झाले की लगेच भरायला घ्या. शिजलेले मांस फाल्गुनातल्या दुपारी तासन्‌तास उघडे ठेवू नये.

पारी

मक्याचे पीठ नुसते मळले तर पारीला चिकटपणा येत नाही. ते उकडावे लागते. सव्वा लीटर पाण्याला दोन चमचे मीठ आणि पाऊण वाटी तेल घालून उकळी आणा. एक किलो मक्याचे बारीक पीठ त्यात टाकून उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून खाली उतरवा. दहा मिनिटांनी परातीत काढून, हाताला सोसवेल तेव्हा त्यात अर्धा किलो गव्हाचे पीठ घालत मळा. गव्हाचे पीठ पारीला ताण देते. ते वगळले तर भाजताना तडे जातात. पीठ कोरडे वाटले तर कोमट पाण्याचा हात लावा. मक्याऐवजी ज्वारी चालते, कृती तीच, पण पीठ ताजे दळलेले हवे. सुगीनंतर दळून ठेवलेल्या जुन्या पिठाची भाकरी जशी थापताना फाटते, तशीच पारीही फाटते. मळलेल्या पिठावर ओले फडके टाकून पंधरा मिनिटे ठेवा.

लिंबापेक्षा मोठा, साधारण शंभर ग्रॅमचा गोळा घ्या. तळहातावर थापून वाटी करा, कडा पातळ आणि मध्य थोडा जाड. त्यात दोन मोठे चमचे सारण, म्हणजे साठ ग्रॅमच्या आसपास. कडा वर ओढून मिटवा आणि हलक्या हाताने चपटे करा, बोटाएवढी जाडी राहील असे. सारण जास्त भरण्याची हौस सगळ्यांना असते. पहिल्या पानग्यापासूनच हात आखडता घ्या. मिटवलेल्या जागी काडीने एक बारीक भोक पाडा. आत कोंडलेली वाफ तिथून जाते, नाहीतर ती स्वतःची वाट करते.

पाने आणि निखारे

पळसाचे पान या कामाला सर्वांत चांगले, पण होळीच्या वेळी पळस पाने टाकून फुलांनी पेटलेला असतो. रानात गेलात तर नुसती केशरी झाडे दिसतील. म्हणून पत्रावळ्यांसाठी आधी तोडून वाळवलेली पळसाची पाने असतील तर ती तासभर पाण्यात बुडवून ठेवा. ती मऊ होतात आणि भिजलेली असल्याने लगेच जळत नाहीत. ओढ्याकाठी किंवा परसात केळ असेल तर तिची पाने त्याहून सोपी. शिर काढून, पान निखाऱ्यावरून एकदा फिरवले की ते लवचीक होते. सागाची कोवळी पाने पदार्थाला लाल रंग देतात. मला ती आवडत नाहीत. ज्या पानातून चीक येतो असे कुठलेही पान घेऊ नका, कोणीही सांगितले तरी.

पानाच्या आतल्या बाजूला तेलाचा हात लावा, पानगा ठेवा, भोक वर येईल असा. दोन पाने आडवी-उभी घेऊन घडी करा आणि केळीच्या सोपाने किंवा भिजवलेल्या सुताने बांधा.

गोवऱ्या अंगणात रचून पेटवा आणि ज्वाळ पूर्ण विझून वर पांढरी राख येईपर्यंत थांबा. घाई झाली की ज्वाळेत पान जळते, पारी वरून काळी होते आणि आत कच्ची राहते. राख आली की निखारे सपाट पसरा, त्यावर पानगे एकमेकांना न चिकटता मांडा, आणि वरून गरम राखेचा पातळ थर द्या. दहा-बारा मिनिटांनी चिमट्याने उलटा, पुन्हा तेवढेच. मांस आधीच पूर्ण शिजलेले आहे, त्यामुळे आता फक्त पारी भाजून सारण आतपर्यंत चांगले गरम झाले की झाले. बाहेरचे पान काळे पडते, आतले तपकिरी. एक पानगा उघडून बघा: पारीवर तांबूस डाग, टिचकी मारली तर टणक आवाज, आणि फोडल्यावर आतून वाफ. नसेल तर आणखी पाच मिनिटे.

अंगणात निखारे करणे शक्य नसेल, भाड्याच्या खोलीत असाल, तर जाड बुडाच्या कढईत बोटभर वाळू पसरा, वर पानात बांधलेले पानगे, वर घट्ट झाकण, आणि मंद गॅसवर पंचवीस मिनिटे एक बाजू, पंधरा मिनिटे दुसरी. चव जवळपास तीच, फक्त धुराचा वास नाही.

जेवणाची वेळ, आणि न खाणारे

उलटा हिशेब करा. मंडळी संध्याकाळी पाचला निघणार असतील तर चारला पानगे निखाऱ्यावरून उतरले पाहिजेत, तीनला भरायला घेतले पाहिजेत, दोनला सारण गार व्हायला ठेवले पाहिजे. म्हणजे ससा सकाळी सातला घरात हवा, नऊपर्यंत खाऱ्या पाण्यात, साडेअकराच्या आत चुलीवर. ससा जून असेल तर हे सगळे तासभर आधी. ज्यांच्याकडे ढोल दुरुस्त करायचा असेल किंवा मोरपिसांचा टोप बांधायचा असेल, त्यांनी निखाऱ्यांची जबाबदारी घ्यावी. बसल्या जागी दोन्ही होते.

घरात कोणी होळीचा नवस धरून पालणी, म्हणजे नवसाचे नियम, पाळत असेल तर त्याच्या जेवणाचे नियम त्याला आणि घरातल्या मोठ्यांना आधी विचारा. ते घरोघर थोडे वेगळे असतात. त्याचे वेगळे शिजवायचे असेल तर चूल आणि भांडी सकाळीच वेगळी मांडा. आणि आपल्या डोंगरात असे एकही घराणे नसेल की ज्यात मांस सोडलेली माणसे नाहीत. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी १९३० च्या दशकात दारू-मांस सोडण्याची चळवळ उभी केली, आणि तिच्यात गेलेल्यांची नातवंडे आजही तो नेम पाळतात. मामा-मावशी भगत, म्हणजे असा नेम पाळणारे, असतील आणि आपण त्यांना नुसती भाकर-चटणी वाढली, तर त्याला सणाचे जेवण म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी उडदाचे सारण करा: अर्धा किलो सालीची उडदाची डाळ चार तास भिजवून, जाडसर शिजवून, लसूण, हिरवी मिरची आणि आमचूर घालून कोरडी करायची. बाकी सगळी कृती तीच. पण हे पानगे पहिल्यांदा भरा, मांसाला हात लावण्याआधी, वेगळ्या परातीत. भाजायलाही निखाऱ्यांची वेगळी रास करा. ओळखायला त्यांना वेगळ्या रंगाचे सूत बांधा, म्हणजे अंधारात गल्लत होत नाही.

घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला पानग्याबरोबर हाडांचा गरम रस्सा आणि मोर या बारीक धान्याच्या भगरीचा मऊ भात द्या. कच्चा कांदा, लसूण-मिरचीचा ठेचा बाजूला.

काठीला जाणाऱ्यांचे पानगे पानासकटच बांधा. गरम असताना पिशवीत कोंबले तर घाम सुटून पारी मऊ पडते, म्हणून दहा मिनिटे टोपलीत मोकळे ठेवून मग सुती फडक्यात. प्लास्टिकची पिशवी नको. मांसाचे पानगे उतरवल्यापासून चार तासांच्या आत खाऊन टाका, म्हणजे आठच्या सुमाराला, पोचल्या पोचल्या; मध्यरात्रीच्या भुकेसाठी उडदाचे ठेवा. पहाटेपर्यंत फडक्यात उरलेला मांसाचा पानगा कितीही चांगला दिसला तरी लेकरांना देऊ नका. घरी राहिलेला रस्सा मात्र सकाळी पुन्हा दहा मिनिटे खळखळून उकळला, तर नाचून परतलेल्यांना भाकरीबरोबर चालतो. रात्री झोपण्याआधी तो एकदा उकळून, झाकून, थंड जागी ठेवलेला असला म्हणजे झाले.